शाळा बंद, कचेरी सुरू

गेल्या मे महिन्यात विद्यापीठाच्या परीक्षेसाठी मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभा होतो. पेपर सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, एक विद्यार्थिनी धापा टाकीत दाराशी आली. तिचा हात धरून सहा-सात वर्षांचा तिचा भाऊ उभा होता. "सर, आईला रजा मिळाली नाही आणि शेजारच्या काकू गावी गेल्या आहेत. याला कुठे ठेवू?" असे तिने विचारले. परीक्षेच्या नियमावलीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आमच्या शिपायाने त्या मुलाला आपल्या स्टुलाशेजारी बसवून घेतले आणि तीन तास सांभाळले. मुलगी पेपर लिहीत होती आणि दर पाच मिनिटांनी दाराकडे पाहत होती. त्या पेपरात तिला किती गुण मिळाले, हे मी मुद्दाम विचारले नाही.

हा प्रसंग अपवादात्मक असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मे महिन्यात शहरातील कोणत्याही चाळीत, वसाहतीत किंवा कचेरीत थोडी चौकशी केली, तर अशा कहाण्या घरोघरी सापडतात. कोणी नऊ वर्षांच्या मुलाला कुलूपबंद घरात ठेवून, दर तासाला दूरध्वनी करीत नोकरी करते. कोणी मुलाला कचेरीत आणून टेबलाखाली चित्रे काढायला बसवते आणि साहेबांची पावले वाजली की त्याला गप्प राहण्याची खूण करते. परगावी धुणीभांडी करणारी आई मुलांना घेऊनच कामाला निघते आणि "आता सुट्टी लागली ना," असे ओशाळून सांगते. सुट्टी मुलांची असते. तिची किंमत मात्र दुसरेच कोणी भरीत असते.

माझ्या घरी हा प्रश्न उद्भवला नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माझी पत्नी बँकेत नोकरी करते आणि मी महाविद्यालयात शिकवतो. परीक्षा आणि उत्तरपत्रिका यांतून उरलेला मे महिना मला घरी मिळत असे. मुले लहान असताना त्यांचे जेवणखाण, भांडणे आणि दुपारची वामकुक्षी यांची व्यवस्था मी पाहत असे. आमच्या मजल्यावरील आणखी दोन-तीन बिऱ्हाडांतील मुलेही हळूहळू आमच्याकडेच दिवस काढू लागली. लोक माझ्या पत्नीला भाग्यवान म्हणत. तिच्या नोकरीचे स्थैर्य नवऱ्याच्या व्यवसायाच्या योगायोगावर अवलंबून असावे, यात भाग्य कसले, हा विचार मला पुष्कळ वर्षांनी सुचला.

साधे अंकगणित

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून हिशेब मांडून पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षातून किमान २०० आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना किमान २२० दिवस अध्यापन झाले पाहिजे. आपण मोठा आकडा, म्हणजे २२० दिवस, धरू. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असणाऱ्या कामगाराचे वर्षातील ५२ दिवस आणि सणावारांचे थोडे दिवस वजा केले, तर त्याला सुमारे ३०० दिवस कामावर जावे लागते. याचा अर्थ असा, की आईवडील कामावर आहेत आणि शाळा बंद आहे असे सुमारे ८० दिवस दरवर्षी येतात.

आता रजेकडे पाहू. कारखान्यांतील भरपगारी रजेचा रूढ नियम वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा आहे. म्हणजे ३०० दिवसांमागे १५ दिवस. आई आणि वडील दोघांनीही आपली सारी रजा मुलांसाठी राखली, दोघांनी ती वेगवेगळ्या दिवशी घेतली, आजारपण, लग्नकार्य, मरण यांसाठी एकही दिवस खर्च केला नाही, तरी ३० दिवस भरतात. उरलेले ५० दिवस मूल कोणाकडे असते? शिवाय या व्यवस्थेत वर्षभरात एक दिवसही सारे कुटुंब एकत्र सुट्टीवर जाऊ शकत नाही. ज्यांना भरपगारी रजाच नाही अशा रोजंदारीवरील, कंत्राटी आणि घरकाम करणाऱ्या मातापित्यांचा हिशेब तर ८० दिवसांपासूनच सुरू होतो.

एके काळी या ५० दिवसांची सोय होती आणि ती कोणी जाणीवपूर्वक केलेली नव्हती. मे महिना लागला की आई मुलांना घेऊन आजोळी जाई. वडील शहरात खाणावळीत जेवीत. आजोळी आजी, मामी, मावशी असा सांभाळणाऱ्यांचा ताफाच असे. जी मुले शहरात राहत, त्यांच्यासाठी चाळीची गॅलरी होती. प्रत्येक दार उघडे असे आणि कोणते मूल कोठे पडले, हे तिसऱ्या खोलीतील वृद्धेला आधी कळत असे. ती चाळ म्हणजे नोंदणी न केलेले पाळणाघरच होते. आज आई नोकरीवर आहे, मामीही नोकरीवर आहे, आजोळ कित्येकदा दुसऱ्या शहरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत आले आहे आणि सदनिकेचे दार बंद असते. समाज बदलला, शाळेचे आणि कचेरीचे कोष्टक मात्र जुन्या गृहीतावर चालले आहे. घरी कोणीतरी बाई असणारच, हे ते गृहीत.

अदृश्य खर्च

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आम्ही शिकवतो, की ज्या सेवेला बाजारात किंमत मिळत नाही, ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही. सुट्टीतील मुलांचा सांभाळ ही अशीच एक सेवा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीप्रमाणे बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आहे. २०१९ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटांचा फरक पडला. या गतीने बरोबरी येण्यास किती पिढ्या लागतील, याचे गणित वाचकांनीच करावे.

शहरी भागात पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी केवळ २८ जणी श्रमशक्तीत आहेत, असे २०२३-२४ ची श्रमशक्ती पाहणी सांगते. शहरी पुरुषांत हेच प्रमाण ७५ च्या आसपास आहे. या तफावतीला कारणे अनेक आहेत आणि शाळेची सुट्टी हे त्यांतील एकच. परंतु नोकरी सोडण्याचा निर्णय हा बहुधा एका मोठ्या कारणाने होत नाही. मूल तान्हे असताना बाई कशीबशी तग धरते, ते शाळेत गेले की हायसे वाटते आणि पहिल्याच मे महिन्यात तिला कळून चुकते, की अडचण संपलेली नाही. दोन-तीन उन्हाळे अशा ओढाताणीत काढल्यावर "आता पुरे" असे शब्द तोंडातून निघतात. दहा-बारा वर्षांच्या अनुभवाची लिपिक, परिचारिका किंवा यंत्रचालक अशा रीतीने गमावली जाते. हे नुकसान मालकाचे आहे, तसेच समाजाचेही आहे.

जेथे आई नोकरी सोडू शकत नाही, तेथे भार थोरल्या बहिणीवर पडतो. परीक्षेला धाकट्या भावाला घेऊन आलेली माझी विद्यार्थिनी ही त्या साखळीतील शेवटची कडी आहे. आईचा खाडा वाचला आणि त्याची किंमत मुलीच्या अभ्यासातून वसूल झाली.

सहा वर्षांची रेषा

या बाबतीत कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. प्रारंभी ती पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना होती. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणण्यात आली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक ठरले. ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेतही पाळणाघर आहे, परंतु वयाची रेषा सहा वर्षांचीच राहिली. केंद्र सरकारची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षे एवढ्याच वयासाठी आहे.

या तरतुदी कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. येथे मुद्दा वेगळा आहे. सहाव्या वर्षी मूल शाळेत जाते आणि मग त्याला शाळा सांभाळते, अशी कायद्याची समजूत आहे. शाळा वर्षातील इतके दिवस बंद असते, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. सुट्टीचा स्पष्ट उल्लेख असलेली एक तरतूद मात्र मला ठाऊक आहे आणि ती वाचून मन खिन्न होते. बालमजुरीविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्याची मुभा दिली. सुट्टीत मूल काय करील, याचा विचार कायद्याने केला तो असा.

सरकारी कर्मचाऱ्यांची स्थिती थोडी बरी आहे. केंद्राच्या सेवेतील स्त्रियांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत घेता येते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना अशी १८० दिवसांची रजा दिली. हे स्वागतार्ह आहे. पण दोन्हीकडे ही रजा मुख्यतः आईची आहे. पित्याला ती मिळायची तर तो एकटा पालक असावा लागतो किंवा त्याची पत्नी मृत वा अंथरुणाला खिळलेली असावी लागते. धडधाकट पत्नी असलेल्या पुरुषाने मुले सांभाळावीत, हे शासनाला अद्याप सुचलेले नाही.

दुष्काळाने दिलेला धडा

"मे महिन्यात शाळा कशी उघडी ठेवणार?" असा प्रश्न विचारला जाईल. उत्तर असे, की आपण ती उघडी ठेवलेली आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना माध्यान्ह भोजन द्यावे. महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांनी सुट्टीतील शाळेच्या आवारात चूल पेटलेली पाहिली आहे. इमारत होती, पाणी आणले गेले, स्वयंपाकीण मिळाली, मुले आली. संकट पुरेसे मोठे मानले, की व्यवस्था होते.

मूल जेथे आहे तेथे शिक्षण नेण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अंगणवाडी चालवली, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली आणि काही वर्षांतच ते काम मुंबईत आले. या थोर स्त्रियांनी आधी आईच्या कामाची वेळ पाहिली आणि मग संस्थेची वेळ ठरवली. आपण नेमके उलटे करीत आहोत.

परदेशांची उदाहरणे जपून द्यावीत. पण दोन उल्लेख अप्रस्तुत होणार नाहीत. जपानने १९९७ साली बालकल्याण कायद्यात दुरुस्ती करून, नोकरीमुळे ज्यांचे पालक दिवसा घरी नसतात अशा शाळकरी मुलांच्या वर्गांना कायदेशीर स्थान दिले. हे वर्ग दीर्घ सुट्ट्यांतही चालतात. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्याने नोकरी करणाऱ्या पालकांच्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुरेशी सोय उपलब्ध आहे की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. तेथेही खर्चाच्या तक्रारी आहेतच. परंतु प्रश्न सार्वजनिक आहे, हे तरी तेथे मान्य झाले आहे.

काय करता येईल

माझी पहिली सूचना अशी, की प्रत्येक नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी निवडक शाळांच्या इमारतींत मे महिन्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत, विदर्भात जूनअखेरपर्यंत, 'सुट्टीघर' चालवावे. वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा. वय सहा ते चौदा. तेथे वर्ग नकोत, गृहपाठ नको. पुस्तके, पत्ते, कॅरम, नाटुकली, सावलीतील खेळ, दुपारचे जेवण आणि पंख्याखाली झोप एवढे पुष्कळ झाले. राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. त्यांच्या कपाटांतील बालवाङ्मयाला यानिमित्ताने वाचक मिळेल.

हे काम शिक्षकांवर टाकू नये, हे मी निक्षून सांगतो. निवडणूक, जनगणना आणि असंख्य पाहण्या यांनी शिक्षकांची सुट्टी आधीच कुरतडली आहे. सुट्टीघरासाठी बालवाडीचा अनुभव असलेल्या स्त्रिया, इच्छुक सेवानिवृत्त आणि परीक्षा संपलेले महाविद्यालयीन विद्यार्थी यांना योग्य मानधन देऊन नेमावे. आमचे कितीतरी विद्यार्थी पुढील वर्षाच्या शुल्कासाठी सुट्टीत काम शोधत असतात.

दुसरी सूचना खर्चाविषयी. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेचे वेतन कारखान्याने किंवा कचेरीने एकट्याने सोसावे, अशी व्यवस्था २०१७ साली झाली. हेतू उदात्त होता. पण ज्या सवलतीचा खर्च थेट एका मालकावर आणि केवळ स्त्रीच्या नावे पडतो, ती सवलत स्त्रीला नोकरीत घेण्याविरुद्धचे कारण बनते. ही चूक पुन्हा करू नये. महाराष्ट्रात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी स्थापन झाला असून त्यात मालक आणि कामगार दोघेही वर्षातून दोनदा वर्गणी भरतात. राज्यभर कामगार कल्याण केंद्रे उभी आहेत. याच धर्तीवर सर्व आस्थापनांकडून, स्त्रिया किती आहेत हे न पाहता, एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येप्रमाणे अल्प वर्गणी घ्यावी. काही भाग नगरपालिकेने द्यावा आणि काही पालकांनी मिळकतीनुसार भरावा. ओझे सर्वांवर वाटले गेले की कोणालाच जड होत नाही.

तिसरी सूचना कचेऱ्यांना आणि कारखान्यांना. हिला पैसा जवळजवळ लागत नाही. शाळेचे वेळापत्रक हाती येताच शाळकरी मुलांच्या पालकांकडून रजेची मागणी घ्यावी आणि मार्चअखेर रजेचा तक्ता लावावा. आज ज्याची साहेबांशी ओळख त्याला मे महिन्याची रजा आणि इतरांना आयत्या वेळी नकार, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. अर्ध्या दिवसाची रजा, आपसांत पाळी बदलण्याची मुभा, लवकर येऊन लवकर जाण्याची सवलत आणि आई किंवा वडील यांपैकी कोणालाही दोन आठवड्यांची बिनपगारी पण नोकरीच्या हमीची रजा, एवढ्या गोष्टी सहज शक्य आहेत. घरून काम करण्याची परवानगी हा मात्र यावरचा उपाय समजू नये. ज्या टेबलावर संगणक आहे त्याच टेबलावर भुकेले मूल बसले, तर कामही अर्धे होते आणि सांभाळही अर्धाच.

चौथी सूचना सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत अवघड आहे. बालसंगोपन रजा पित्यालाही द्यावी आणि त्याने ती घ्यावी. मी मुलाला घेऊन दुपारी बँकेत गेलो, की कोणीतरी हटकून विचारी, "वहिनींना बरे नाही का?" हा प्रश्न ज्या दिवशी कोणाला सुचणार नाही, त्या दिवशी निम्मे काम झाले असे मी समजेन.

मुलांचे काय?

यावर एक आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्याचा आदर केला पाहिजे. सुट्टी ही मुलांच्या मुक्ततेचा काळ असते. तिलाही संस्थेच्या कोंडवाड्यात घालायचे काय? झाडावर चढण्याचे, उनाडण्याचे, आंबे खाऊन लोळण्याचे दिवस हिरावून घ्यायचे काय? ज्यांना आजोळ आहे, अंगण आहे, झाड आहे, त्यांनी ते अवश्य उपभोगावे. परंतु कुलूपबंद खोलीत पडद्यासमोर आठ तास बसलेल्या मुलाला मुक्त म्हणणे ही आपली आत्मवंचना आहे. त्याला सवंगडी आणि मोकळे मैदान मिळाले, तर ती त्याची सुट्टी परत मिळाल्यासारखेच होईल. दुसरीकडे, पैसेवाल्यांची मुले भरमसाट शुल्काच्या उन्हाळी शिबिरांत पोहणे आणि घोडेस्वारी शिकतात. सुट्टीचे हे दोन वर्ग निर्माण होणे शाळेच्या समान गणवेशाला शोभणारे नाही.

पूर सांगून येत नाही आणि दुष्काळाचा अंदाज चुकतो. मे महिना मात्र दरवर्षी ठरल्या दिवशी येतो. तरीही दरवर्षी तो लाखो घरांना अवचित गाठतो, याचे कारण एवढेच, की त्याची तयारी करणे हे प्रत्येक आईचे खासगी काम आहे, असे आपण मानून चाललो आहोत. पुढल्या परीक्षेला माझ्या वर्गाच्या दाराशी पुन्हा एखादी मुलगी धाकट्या भावाचा हात धरून उभी राहील. आमचा शिपाई भला माणूस आहे. तो पुन्हा एका मुलाला स्टुलाशेजारी जागा देईल. पण महाराष्ट्रासारख्या राज्याची व्यवस्था एका शिपायाच्या भलेपणावर सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे बरे नव्हे.